पाण्यात क्लोरीन आढळल्याबाबत

सगळ्यात आधी वालमनकाकांचे आभार. यवतमाळात आमच्या कॉलनीला नळ सोडायला यायचे, रस्त्यातल्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून फिरवायचे आणि मग फाटकाशी उभं राहून "महाराज, चहा!" अशी हाक द्यायचे, ते काका. इकडे स्वयंपाक करणाऱ्याला महाराज म्हणतात. मला पहिल्यांदा कुणी तसं म्हटलं तेव्हा मी मागे वळून बघितलं होतं. काकांचं नाव मी इथे लिहीत नाही. कागदावर नाव आल्याने त्यांना एकदा पुरेसा त्रास झाला आहे, आणि तो कागद माझ्याच हातचा होता. आज या घरात मागच्या खोलीत माझी खाट आहे ती त्यांच्यामुळे. बैठकीतल्या काचेच्या पेटीत नऊ मासे फिरतात तेही त्यांच्यामुळे. माशांना हे कळायचं कारण नाही. मला कळतं.

मी कोकणातला. आठवीपर्यंत शिकलो. शाळा खाडीच्या पलीकडे होती, एका वर्षी पलीकडे नेणारी होडी बंद पडली आणि मी अलीकडेच राहिलो. पुढे एका सरकारी विश्रामगृहात स्वयंपाकाला लागलो. तिथे साहेब मुक्कामाला यायचे. साहेब पाण्याच्याच एका खात्यात मोठे अधिकारी होते. त्यांना माझ्या हातची आमटी आवडली आणि त्याहून माझं अक्षर आवडलं, कारण विश्रामगृहाचं रजिस्टर मी लिहायचो. "आठवी, आणि असं अक्षर! आमच्या हेडक्लार्कला दाखवायला हवं," असं ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी यवतमाळला परतले तेव्हा मलाही घेऊन आले. फ्रिज, सोफा आणि मी एकाच ट्रकमधून आलो. फ्रिजला चादर गुंडाळली होती.

तक्रार म्हणून सांगत नाही. परत जायला मला घर आहे, म्हणजे भावाचं आहे. दोन खोल्या, भाऊ, वहिनी आणि चार मुलं. मागे एकदा गेलो होतो तेव्हा वहिनीने विचारलं, "किती दिवस?" पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आधी विचारलं. तिचंही चुकलं नाही, चटई टाकायला जागाच नव्हती. तेव्हापासून मला एकच काळजी आहे, यवतमाळची मागची खोली जाऊ नये. काळजी एकच आहे, पण ती मी दिवसभर करतो.

आता नळाबद्दल सांगायला हवं. आमच्या कोकणात पाणी पायाखाली असतं, विहिरीत दोर सोडला की हाताला लागतं. यवतमाळात पाणी पाहुणं आहे. पाच-सहा दिवसांनी येतं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा, आणि येतं तेव्हा कुणी घराबाहेर पडत नाही. दवाखान्याची तारीख पुढे जाते. सख्ख्या भाचीच्या साखरपुड्याला निघालेली माणसं फाटकातून परत आत येतात. नळाला पहिला फुस्स आवाज आला की अख्खी कॉलनी एकदम एक काम करते. घरात शिल्लक असलेलं सगळं पाणी ओतून टाकते. कारण ते शिळं.

हे मला समजायला फार वेळ लागला. पाच दिवस हात धुताना बाईसाहेब मागे उभ्या राहून "पुरे, पुरे, नळ तुझ्या कोकणातला नाही," म्हणायच्या. भांडी मी अर्ध्या बादलीत घासायचो. आणि नळ आला की तेच जपलेलं पाणी गुंडातून, म्हणजे इकडच्या पितळी घागरीतून, ड्रमातून, गंज-पातेल्यांतून भळाभळा रस्त्यावर. समोरच्यांचंही, बाजूच्यांचंही. दहा मिनिटं आमच्या गल्लीला पूर येई. मग गुंड चिंचेने घासून लख्ख करायचे आणि ताजं भरायचं. शिळी भाकरी लोक आवडीने कुस्करून खातात, पण शिळं पाणी पाहुण्याला देणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. मी एकदा भीत भीत म्हणालो, "बाईसाहेब, हे पाणी चांगलं आहे की." त्या म्हणाल्या, "चांगलं असेल. पण शिळं आहे."

अशा घरात मासे आले.

त्याचं कारण साहेबांचं बीपी. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताखाली कुणी उरलं नव्हतं, म्हणजे मी होतो, पण एकट्यावर किती रागावणार. राग साठून बीपी वाढलं. माशांकडे बघत बसलं की बीपी उतरतं, असं त्यांना कुणी सांगितलं. बाईसाहेबांनी लगेच वास्तूवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ईशान्येला पेटी ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा. काळा मासा घरावर येणारं संकट स्वतःच्या अंगावर घेतो. म्हणजे एकाच पेटीत साहेबांचं बीपी आणि घरावरची संकटं, दोन्हींची सोय झाली.

मासे आणायला मी साहेबांबरोबर गेलो होतो. दुकानदाराने पेटी दिली, हवेचा पंप दिला, खाद्य दिलं आणि वर एक छोटी निळी बाटली ठेवली. "हे नळाच्या पाण्यासाठी. पाणी भरलं की आधी थेंब टाकायचे, मग मासे."

साहेबांनी बाटली उचलली, चष्मा कपाळावर घेऊन वाचली आणि परत ठेवली. "बत्तीस वर्षं पाण्यात काढलीत मी," ते म्हणाले. "मला थेंब विकता?"

दुकानदाराने बाटली परत फळीवर ठेवली. मी पेटी उचलली.

पहिल्या दिवशी पेटी ड्रमातल्या पाण्याने भरली होती, नळ यायला वेळ होता म्हणून. मासे मजेत होते. साहेब आरामखुर्चीत बसून बघत होते. बाईसाहेबांनी बीपीचं यंत्र लावून बघितलं तर खरोखर उतरलं होतं. मग नळ आला. शिळं पाणी रस्त्यावर गेलं. ताज्या पाण्याचा पहिला गडू देवघरात गेला आणि दुसरा मान बाईसाहेबांनी पेटीला दिला. "मत्स्यावतार आहे तो. आपण ताजं प्यायचं आणि त्यांना शिळ्यात ठेवायचं? पाप लागेल." मी पेटीतलं सगळं पाणी काढलं, काच पुसली, नळाची नळी थेट पेटीत सोडली आणि काठोकाठ भरली. मनापासून केलं. पाणी इतकं नितळ दिसत होतं की मासे हवेत उडतायत असं वाटावं.

दुपारपर्यंत ते वर येऊन तोंडं उघडी ठेवू लागले. मला वाटलं भूक लागली, मी खाद्य टाकलं. संध्याकाळी काळा मासा आडवा झाला.

बाईसाहेब खूश झाल्या. "बघा, घेतलं की नाही अंगावर! मोठं काहीतरी टळलं." त्यांनी त्याला हळदकुंकू लावून गुलाबाच्या मुळाशी पुरायला लावलं. दुसऱ्या दिवशी उरलेले आठही गेले. तेव्हा त्या थोडा वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "संकट फारच मोठं होतं."

दुसरे नऊ आणले. या वेळी मी जास्त काळजी घेतली. माझ्यासारख्या माणसाला काळजी घ्यायला सांगणं म्हणजे म्हशीला पाण्यात बस म्हणून सांगणं. नळ आला तसं मी पाणी दोनदा बदललं. एकदा भरलं, मला किंचित गढूळ वाटलं, म्हणून तेही ओतलं आणि पुन्हा ताजं भरलं. नऊच्या नऊ मासे एकाच दिवसात गेले.

आता बाईसाहेबांचा हिशेब जुळेना. एका महिन्यात एकाच घरावर एवढी संकटं येतातच कशी? कुणीतरी आणत असणार. त्यांनी सोफ्याकडे बघितलं, देवघराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"तू कोकणातला ना रे?"

"हो, बाईसाहेब."

"तिकडे मासा दिसला की तोंडाला पाणी सुटतं ना?"

इथे 'नाही' म्हणून मोकळा झालो असतो तर बरं झालं असतं. पण भीती वाटली की माझ्या तोंडून खरं बाहेर पडतं. "सुटायचं, बाईसाहेब. इकडे आल्यापासून सवय गेली. आणि हे मासे तर आम्ही खातही नाही, यात काटाच फार."

"यात काटा फार," त्या साहेबांकडे वळून म्हणाल्या. "ऐकलंत? विचार करून झालाय याचा."

त्या दिवसापासून माझी नजर हा घरातला विषय झाला. पेटी धुवायची मीच, पण तिच्याकडे बघायचं नाही. हे कसं करायचं ते कुणी सांगितलं नाही. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाचा त्यांचा मोठा काळा चष्मा कपाटात होता. तो घालून मी पेटी धुवायची. चष्म्यातून मला पेटी दिसायची, पुढे तिसरे मासे आले तेव्हा ते सावल्यांसारखे दिसायचे. जाळीने मासा पकडताना दोनदा मी हवेच्या पंपाची नळीच पकडली.

हे तिसरे नऊ मासे आले त्या दिवशी बाईसाहेब रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या. शांतपणाचीच मला जास्त भीती. "बघ बाबा. तुझ्यावर आमचा राग नाही. पण साहेबांचं बीपी आता मासे आणल्यापासून जास्तच वाढलंय. हे गेले, तर तू घरी जा. साहेब तिकीट काढून देतील."

मी त्याच दिवशी पिशवी भरली. दोन शर्ट, एक स्वेटर, आईचा फोटो. काळजी करणारा माणूस निदान उशीर तरी करत नाही. पिशवी मागच्या दाराशी ठेवली आणि नळाची वाट बघू लागलो, कारण या खेपेला पाणी इतकं ताजं द्यायचं ठरवलं होतं की कुणाला बोलायला जागा राहू नये.

नळ आला. शिळं पाणी रस्त्यावर ओतलं. पेटीतलं जुनं पाणी दोन बादल्यांत काढून गुलाबासाठी मागच्या अंगणात ठेवलं, तळाशी मासे राहतील एवढंच थोडं उरवलं, हलकी झालेली पेटी बैठकीतून तिथेच नळाशी आणली आणि काळा चष्मा लावून नळी सोडली. अर्धी पेटी भरली असेल, तोच फाटकातून हाक आली.

"महाराज, चहा!"

वालमनकाकांना चहा द्यायचा हा कॉलनीचा अलिखित नियम होता. ज्या घरचा चहा गोड, त्या गल्लीचा नळ दहा मिनिटं जास्त चालतो असं सगळे मानायचे. काका मात्र सगळ्यांचा चहा पिऊन सगळ्यांचा नळ एकाच वेळी बंद करायचे. ते घराला वळसा घालून अंगणात आले आणि मला बघून थांबले.

"काय महाराज, पिच्चरमधी काम भेटलं काय तुमाले?"

"नाही काका. नजर लागू नये म्हणून घातलाय."

"कोनाची?"

"माझी. माशांना."

काका चावीवर दोन्ही हात टेकून हसले. "पुऱ्या कॉलनीची नजर माह्या या चावीवर असते. मेली काय ते आजपावतर?" मग त्यांनी पेटीत डोकावलं आणि हसणं थांबलं. दोन मासे वर येऊन तोंडं उघडत होते. एक कडेला कलला होता.

"पानी कोनतं टाकून राह्यले?"

"आत्ताचं. एकदम ताजं."

"थेट नळाचं?"

"थेट. नळी लावून."

"अन् शिळं?"

"फेकलं."

"अरे बाप्पा!" काकांनी कपाळावर हात मारला. "दुश्मनबी नाई करत इतकी सेवा! बंद करा ते नळी. पावडर असते या पान्यात, ब्लिचिंगची. आपल्यासाठी चांगली हाय ते, जंतू मारते. पण मासोळी तं पान्यातच श्वास घेते ना? तुमाले मिरचीच्या धुरात कोंडलं अन् वरून म्हनलं, घ्या महाराज, ताजी हवा, तं कसं वाटन?"

मी नळी ओढून काढली.

"जुनं पानी कुठी हाय पेटीतलं?"

"बादलीत. गुलाबाला घालायचं."

"गुलाब मरत नाई आज. मासोळ्या त्या बादलीत टाका. चष्मा काढा आधी, आंधळ्यावानी कायले चाचपडता!"

मी चष्मा काढला आणि एकेक मासा उचलून त्या हिरवट, खाद्याचा चोथा तरंगणाऱ्या पाण्यात सोडला. सहा, सात, आठ. नववा काळा. काका बादलीशी उकिडवे बसले आणि मीही बसलो. काकांसाठी मंद गॅसवर ठेवलेला चहा आत उतू गेला, त्याचा वास आला, पण उठवेना. थोड्या वेळाने कललेल्या माशाने शेपूट हलवलं. मग तो सरळ झाला आणि बादलीच्या तळाशी जाऊन बसला.

त्याच क्षणी बाईसाहेब दारात आल्या. त्यांना दिसलं ते असं. मत्स्यावतार घाण पाण्याच्या बादलीत, मी उघड्या डोळ्यांनी त्याच्यावर वाकलेलो, आणि ताज्या पाण्याच्या पेटीत एकही मासा नाही.

"अहो, या बरं इकडे!" त्यांनी साहेबांना हाक मारली. "याचं तिकीट काढा. आजच."

साहेब आले. काका उठून उभे राहिले. "साहेब, या मानसाची नजर नाई, पावडर लागली मासोळ्याइले. शिळं पानी द्या, जगतीन."

"तू मला पाणी शिकवतोस?" साहेब म्हणाले. "बत्तीस वर्षं..."

"शिकवत नाई साहेब, दाखवतो." काकांनी खांद्यावरच्या पिशवीतून एक छोटी काचेची नळी आणि औषधाची बाटली काढली. नळाच्या पाण्यात पावडर पोचते की नाही हे बघायला ती त्यांच्याजवळ कायम असे. नळीत नळाचं पाणी घेतलं, वरून थेंब टाकले. पाणी बघता बघता पिवळं झालं, हळदीच्या दुधासारखं. मग त्यांनी बाईसाहेबांच्या देवघरातला, मागच्या नळाच्या दिवशी भरलेला तांब्याचा गडू मागितला. तो तेवढा आज बदलायचा राहिला होता. त्यातलं पाणी घेतलं, तेच थेंब टाकले. पाणी जसंच्या तसं नितळ.

"पाह्यलं? चार-पाच दिवसांत पावडर उडून जाते. दोन दिवस उघडं ठेवलं तरी उडते. हे शिळं पानी, हेच मासोळीसाठी चांगलं."

मला वाटलं, सुटलो. शाळेत असं कुणी दाखवलं असतं तर पोहत पलीकडे गेलो असतो.

पण साहेब पिवळ्या नळीकडेच बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे हे केमिकल आम्ही पितोय?"

"साहेब, हे पिवळं पडलंच पाह्यजे. नाई पडलं तं मले घाबरावं लागते. कावीळ होते, हगवण होते..."

"कुणी टाकलं हे?"

खरं उत्तर असं की ते कुणीच टाकलेलं नसतं, म्हणजे रोज टाकलं जातं, टाकीवर, नियमाने, आणि काकांचा त्यात काही हात नसतो. ते फक्त चावी फिरवतात. साहेबांना हे माहीत नसेल असं मला अजूनही खरं वाटत नाही. पण त्या दिवशी त्या अंगणात एक जागा रिकामी होती, दोषी माणसाची. इतके दिवस मी तिथे होतो आणि आत्ताच उठलो होतो. रिकामी जागा साहेबांना सहन होत नसे.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. स्वेटरची बाही बाहेर लोंबत होती.

"मीच टाकलं, साहेब," ते म्हणाले.

बाईसाहेब माझ्याकडे वळल्या. "मग तुझी नजर नव्हे ती," त्या म्हणाल्या, जरा नाराजीनेच, आणि आत गेल्या. रात्री जेवताना माझ्या ताटात लोणच्याची मोठी फोड होती. ती त्यांची माफी होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला टेबलाशी बोलावलं. कोरे कागद, कार्बन, पेन. "लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी लिहिलं. विषय: पाण्यात क्लोरीन आढळल्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आमच्या कॉलनीस पुरविल्या जाणाऱ्या पाण्यात क्लोरीन असल्याचे प्रत्यक्ष तपासणीत निष्पन्न झाले असून, सदर क्लोरीन आपणच टाकल्याचे संबंधित वालमनने समक्ष कबूल केले आहे. याखाली काकांचं पूर्ण नाव.

नावाशी माझं पेन थांबलं. "साहेब, पण ते तर असायलाच..."

"लिही," साहेब म्हणाले.

मागच्या दाराशी पिशवी तशीच होती, मी अजून रिकामी केली नव्हती. मी लिहिलं. मी उपकार मानणारा माणूस आहे. ज्यांचे उपकार असतात त्यांच्यासमोर माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, आणि माझ्यावर उपकार सगळ्यांचेच आहेत. त्यामुळे मी फारसा कधी बोललोच नाही. नाव मात्र फार सुंदर आलं. वळणदार, एकही खाडाखोड नाही.

पाण्यात क्लोरीन असणं हा गुन्हा कसा, हे त्या कार्यालयात कुणालातरी विचारावंसं वाटलं असेल. पण मोठ्या निवृत्त साहेबांचं पत्र, तीन प्रतींत, पोच घेतलेलं. कागद आला की त्याला उत्तर लागतं, आणि सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे बदली. पुढच्या नळाला नवा वालमन आला. मी चहा घेऊन फाटकापर्यंत गेलो. तो म्हणाला, ड्यूटीवर चहा चालत नाही, आणि नळ पाच मिनिटं आधी बंद करून गेला. कॉलनीत सगळे चकित. काका कुठे गेले? कुणी म्हणालं, मारेगावकडच्या एका पाणीयोजनेवर टाकलं. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. घर बाभुळगावजवळच्या खेड्यात, बायकोला संधिवात.

इकडे आमच्याकडे मागच्या अंगणात एक निळा ड्रम उभा राहिला. नळाचं पाणी त्यात भरायचं, दोन दिवस उघडं ठेवायचं, मच्छर होऊ नयेत म्हणून वर जाळी, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. पेटीतलं सगळं पाणी एकदम काढायचं नाही, तिसरा हिस्सा काढायचा, आणि हात बुडवून दोन्ही पाणी सारखंच गार लागतंय ना ते बघून हळूहळू ओतायचं. अगदी घाई असेल तर दुकानातल्या निळ्या बाटलीतले थेंब. हे सगळं काकांनीच अंगणात उकिडवं बसून मला सांगितलं होतं. साहेब त्याला 'माझी पद्धत' म्हणतात. कॉलनीच्या ग्रुपवर त्यांनी ती मुद्देसूद टाकली, खाली सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. शिळं पाणी देतो असं बाईसाहेब अजून म्हणत नाहीत. "मुरवलेलं पाणी" म्हणतात. लोणचं मुरतं, मग पाणी का मुरू नये. साहेबांचं बीपी उतरलं आहे.

मी मात्र माशांकडे बघितलं की बसल्या जागी घामाघूम व्हायचो. शेवटी एका बुधवारी 'दाढ दुखते' असं सांगून एसटीत बसलो आणि मारेगाव गाठलं.

काका पाण्याच्या टाकीखाली सावलीत बसले होते. चावी शेजारी आडवी. मला बघून म्हणाले, "अरे महाराज! चष्मा कुठी ठेवला?"

मला हसू आलं नाही. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "काका, ते पत्र मी लिहिलं. माझ्या हाताने."

"मले माहीत हाय."

"कसं?"

"साहेबानं मले दाखवलं न हापिसात, आमच्या साहेबानं. म्या म्हनलं, लिहिनारा मोठा शिकलेला दिसते. मोत्यावानी अक्षर." त्यांनी टाकीच्या पायरीवर जागा केली. "बसा. तुमच्या साहेबाचं अक्षर म्या पाह्यलं हाय, कोंबडीचे पाय. त्या घरी दुसरं कोन लिहिनार?"

"मग तुम्ही 'मीच टाकलं' कायले म्हणालात?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

"साहेब लोकाइले एक नाव लागते हो. नाव भेटल्याबिगर ते खाली बसत नाई. माह्यं नाव दिलं तं जास्तीत जास्त बदली होते. तुमचं दिलं तं..." त्यांनी आडवी चावी जवळ ओढली. "मासोळ्या कशा हाय?"

"नऊच्या नऊ आहेत."

"ड्रम ढवळता न?"

"ढवळतो."

"मंग झालं. आता चहा पाजा. इथचा चहा गोड नाई, पन तुमच्या हाताचं पाजा."

मी टपरीवरून दोन चहा आणले. ते शनिवारी घरी जातात, सोमवारी पहिल्या गाडीने परत येतात. गुडघे दुखतात, इथला चावीचा खड्डा खोल आहे, आत उतरावं लागतं. हे त्यांनी सांगितलं नाही. ते उठले तेव्हा चावीचा आधार घेऊन दोनदा प्रयत्न करून उठले, ते मी बघितलं, आणि बाकीचं टपरीवाल्याने सांगितलं.

यवतमाळला परतलो तेव्हा बाईसाहेबांनी विचारलं, "दाढ काढली?" मी म्हणालो, "नाही, आहे अजून."

आता मी एक कागद काढून ठेवला आहे. तीन ओळी लिहिल्या आहेत. पाण्यात क्लोरीन असायलाच हवं, ते वालमन टाकत नाही, त्या दिवशी कबुली दिली ती माझी नोकरी जाऊ नये म्हणून दिली, एवढंच त्यात असेल. साहेब बाहेरगावी गेल्यावर चोरून पोस्टात टाकता येईल, पण तसं करायचं नाही. ते घरात असताना पुरं करायचं, त्यांना वाचून दाखवायचं आणि खाली माझी सही करायची, आठवी पास असं कंसात नको. मग मागची खोली राहते की जाते ते बघू. अजून धीर होत नाही. रोज सकाळी ड्रम ढवळताना होईल असं वाटतं आणि पेटीत पाणी ओतेपर्यंत जातो. पण काका, तुमच्या निवृत्तीच्या आत ते पत्र त्या टेबलावर पोचेल, आणि तुमचं शेवटचं वर्ष, त्यातले उरतील तेवढे दिवस, मी तुम्हाला तुमच्या गावाजवळ परत मिळवून देईन. हे तुमचं देणं मी ठेवणार नाही.